बहिणीचा हिस्सा : घरात न होणारी चर्चा

आपल्या घरांत बोलणे होत नाही, असे कोणी म्हणणार नाही. विरार लोकलची गर्दी, टँकरचे पाणी, शाळेची फी, समान नागरी कायदा, जगात मुसलमानांवर काय बेतले आहे, या सगळ्यावर आपण तासन्‌तास बोलतो. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर बोलतो, लग्नाच्या दस्तरखानावर बोलतो, व्हॉट्सॲपवर तर रात्री बारापर्यंत बोलतो. एक विषय मात्र असा आहे की तो निघाला की चहाचे कप उचलले जातात, भाईजानला अचानक काम आठवते आणि अम्मी म्हणते, "आता हे कशाला काढलंस?" तो विषय म्हणजे अब्बांच्या मागे राहिलेल्या घरात, जमिनीत, दुकानात बहिणीचा हिस्सा.

घर दुभंगू शकेल असे विषय आपल्याकडे पुष्कळ आहेत. मुलीने स्वतः पसंत केलेले स्थळ, तलाक, मुलांची शाळा उर्दू की मराठी की इंग्रजी, सुनेची नोकरी. या सर्वांवर मोकळेपणाने बोलायला आपण शिकले पाहिजे. तरी आम्ही आज बहिणीच्या हिश्शाचाच विषय घेतो आहोत. बाकीच्या प्रश्नांत सरकार, न्यायालय, वृत्तवाहिन्या अशा कुणाकडे तरी बोट दाखवता येते. या प्रश्नात तसे कुणी नाही. कुरआनचा हुकूम स्पष्ट आहे, देशाचा कायदा त्याच्या आड येत नाही, उलमांमध्ये मुलीच्या हिश्शाबद्दल वाद नाही. अडलेले आहे ते फक्त आपल्या दिवाणखान्यात.

दोन पोती भात आणि दोन खोल्यांचा फ्लॅट

वसई-विरारच्या जुन्या घरांतील वडीलधाऱ्यांना विचारा. त्यांच्या लहानपणी वाडी म्हणजे केळी, भाजी, मोगरा, पानवेली. जमिनीतून घर चालायचे, पण जमीन विकून कोणी श्रीमंत होत नव्हते. बहीण सासरी गेली की ईदला कपडे आणि हंगामात दोन पोती भात पाठवला की भावाचे मन भरायचे. हिश्शाचे कोणी विचारत नव्हते, कारण विचारण्याजोगे फार नव्हते.

पुढे काळ बदलला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यात बांधकामाला वाट मोकळी झाली. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे केले, ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. तरी शहर वाढायचे ते वाढलेच. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. त्याआधी २००९ मध्ये वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. जी जमीन गुंठ्याने कोणी विचारत नव्हते, तिच्यावर सात मजली इमारती उभ्या राहिल्या.

जमिनीचे पैसे झाले आणि बहिणीच्या हिश्शाचीही किंमत झाली. आता तो दोन पोती भाताचा विषय राहिला नाही. तो दोन खोल्यांच्या फ्लॅटचा, एखाद्या विधवेच्या डोक्यावरच्या छपराचा, भाचीच्या नर्सिंगच्या फीचा विषय झाला.

वडील वारले की तलाठ्याकडे वारस नोंद होते. फेरफार होऊन सातबाऱ्यावर अम्मी, भाऊ आणि बहिणी सर्वांची नावे लागतात. मग बिल्डर येतो, त्याला कमी नावे हवी असतात. एके दिवशी बहिणीला फोन येतो, "आपा, आधार कार्ड घेऊन दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ये, फक्त एक सही आहे." त्या सहीच्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. जमिनीचा भाव काय ठरला, आपला हिस्सा किती बसतो, हे तिला कोणी सांगत नाही. तीही विचारत नाही. विचारणारी बहीण लालची ठरते, हे तिला लहानपणापासून ठाऊक असते.

नालासोपाऱ्याच्या चाळींतले चित्र वेगळे असले तरी गोष्ट तीच आहे. तिथे सातबारा नसतो. खोली अब्बांच्या नावावर, कागद म्हणजे घरपट्टीची पावती, विजेचे बिल आणि एक जुना स्टॅम्पपेपर. वीजबिलावर मोठ्या भावाचे नाव चढले की खोली त्याची झाली, असे सारी चाळ मानते.

हा प्रश्न आधी एका आईने विचारला होता

वारशाचा विषय काढणे म्हणजे घरात फितना आणणे, असे ज्यांना वाटते त्यांनी एक हकीकत आठवावी. तिर्मिजी आणि अबू दाऊदच्या संग्रहांत ती आली आहे. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) उहुदच्या लढाईत शहीद झाले. त्यांच्या मागे पत्नी आणि दोन मुली होत्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सअद यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. ती विधवा दोन्ही मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे आली. तिने विचारले की यांचे वडील आपल्याबरोबर लढताना शहीद झाले, चुलत्याने काहीच शिल्लक ठेवले नाही, आता यांची लग्ने कशी व्हायची?

प्रेषितांनी (सल्ल.) तिला घरची भांडणे चव्हाट्यावर आणू नकोस असे सांगितले नाही. दीराशी जुळवून घे, असेही सांगितले नाही. अल्लाह याचा निर्णय करील, असे ते म्हणाले. त्यानंतर सूरह निसामधली वारशाची आयत उतरली. चुलत्याला बोलावून हुकूम झाला की दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे, उरेल ते तुझे. चोवीस भाग केले तर सोळा मुलींचे, तीन आईचे आणि पाच चुलत्याचे. आदल्या दिवशीपर्यंत चोवीसच्या चोवीस ज्याच्याकडे होते, त्याच्याकडे पाच उरले.

म्हणजे ज्या विषयावर आपण बायकांना गप्प बसवतो, त्या विषयाचा कायदा एका बाईने तोंड उघडल्यावर आला. सूरह मुजादलाचेही तसेच आहे. हजरत खौला बिन्त सअलबा (रजि.) पतीच्या वागण्याची तक्रार घेऊन आल्या, पुन्हा पुन्हा आपली बाजू मांडत राहिल्या, आणि त्यांचे म्हणणे अल्लाहने ऐकले असे त्या सूरहच्या पहिल्याच आयतीत आले आहे. सूरहला नावही वाद घालणाऱ्या त्या स्त्रीवरून पडले. घरात प्रश्न विचारणारी मुलगी उद्धट असते असे मानताना आपण हे कसे विसरतो?

रूढी शरियतपेक्षा मोठी झाली तेव्हा

हा प्रश्न मुंबई इलाख्यात आजचा नाही. १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यासमोर खोजा आणि मेमन जमातींचे प्रसिद्ध दावे चालले. मुलींच्या बाजूने म्हणणे होते की आम्ही मुसलमान आहोत, आम्हाला कुरआनप्रमाणे वाटा मिळावा. या जमातींत मुलींना वारसा न देण्याची जुनी रूढी आहे, असे समोरच्यांनी सांगितले. न्यायालयाने रूढी ग्राह्य धरली आणि मुली हरल्या. कच्छी मेमन समाजासाठी १९२० मध्ये कायदा झाला. ज्याला इच्छा असेल त्याने शरियतचा वारसा कायदा स्वीकारावा, अशी त्यात सोय होती. १९३८ च्या कायद्याने तो साऱ्या कच्छी मेमनांना लागू झाला.

दरम्यान १९३७ मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ (शरियत) ॲप्लिकेशन ॲक्ट आला. आज पर्सनल लॉचे नाव निघाले की तलाक आणि चार लग्ने एवढेच लोकांना आठवते. पण त्या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत काय म्हटले होते, ते आपल्या मुलींना सांगितले पाहिजे. रूढीच्या कायद्याखाली मुस्लिम स्त्रीची स्थिती लाजिरवाणी झाली आहे आणि मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांनी त्या रूढीचा निषेध केला आहे, असे कारण तिथे नोंदले होते. ज्या कायद्याच्या रक्षणासाठी आपण सभा भरवतो, त्याच्या मुळाशी मुलीचा बुडालेला हिस्सा होता. त्या कायद्यातून शेतजमीन मात्र तेव्हा वगळली गेली. म्हणून शेतजमिनीच्या बाबतीत वकिलाला स्वतंत्रपणे विचारावे. पण कायद्यात वगळले म्हणून अल्लाहच्या हुकमातून वगळले, असे कुणी समजू नये. सूरह निसामध्ये मालमत्ता थोडी असो की जास्त, हिस्सा ठरलेला आहे असे स्पष्ट आले आहे.

पुढचा इतिहासही प्रामाणिकपणे पाहावा लागेल. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा घेऊन गेल्या. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंच्या धर्मविषयक मतांशी आपल्यापैकी बहुतेकांचे पटले नाही, आजही पटणार नाही. पण आपण दलवाई कसे चूक आहेत यावर वर्षानुवर्षे बोललो, त्या सात जणींचे दुखणे काय होते यावर किती बोललो? १९८५ मध्ये शाहबानोचा निकाल आला, तेव्हा गावोगाव शरियत बचावचे मोर्चे निघाले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला आणि २०१९ मध्ये त्यावर तीन वर्षांपर्यंत कैदेचा कायदा झाला. त्या कायद्यावर आपले आक्षेप आहेत आणि ते मांडण्याचा हक्कही आहे. पण घरातल्या घरात, मोहल्ल्यात, जमातीत हा विषय वेळेवर आणि खरेपणाने बोलला गेला असता, तर निर्णय बाहेरच्यांनी करण्याची वेळ आली असती का, हेही विचारले पाहिजे.

वारशाच्या बाबतीत तीच वेळ पुन्हा येऊ पाहते आहे. उत्तराखंडमध्ये २०२५ च्या जानेवारीत समान नागरी कायदा लागू झाला. आपल्याकडेही ही चर्चा होणार. तेव्हा कोणी विचारले की तुमची शरियत मुलीला हिस्सा देते असे सांगता, तर मग तुमच्या वस्तीत किती बहिणींना तो मिळाला, तर आपण काय उत्तर देणार? मोर्चात जाणे सोपे आहे. ज्या शरियतसाठी मोर्चात गेलो, तिच्यातला बहिणीचा भाग घरी जाऊन मोजून देणे कठीण आहे.

शेजारच्या घरांतही तेच

ही खोड फक्त आपली नाही, हेही सांगायला हवे. आपल्या तालुक्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे, त्यात मुलगा-मुलगी समान. हिंदू मुलीला महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केले, २००५ मध्ये तो कायदा देशभर झाला. आपल्याकडे शरियत आहे. तीन समाजांचे तीन कायदे, आणि दुय्यम निबंधकाच्या बाकावर हक्कसोडपत्रावर सही करायला बसलेल्या बहिणी तिन्ही समाजांच्या. शेजारणीशी बोलायला हा चांगला विषय आहे. एकमेकांच्या धर्मावर बोलताना आपण जपून बोलतो, बरेचदा बोलतच नाही. इथे मात्र दोघींचे दुखणे एकच निघते, आणि मग पुढचे बोलणे सोपे जाते.

घरात ऐकू येणारी पाच वाक्ये

शिक्षक म्हणून पालकांशी बोलताना, नात्यागोत्यात बसताना या विषयावर आम्हाला तीच ती वाक्ये ऐकू आली आहेत. त्यांना उत्तरे असायला हवीत, आणि जिथे त्यांत तथ्य आहे तिथे ते मान्यही करायला हवे.

"तिच्या लग्नात दिले ना सगळे." लग्नात दिलेले बक्षीस होते, वारसा नव्हता. वारसा माणसाच्या मृत्यूनंतर सुरू होतो, त्याच्या आधी नाही. आणि खर्चच मोजायचा तर भावाचे शिक्षण, त्याचा वलीमा, दुकानाची पागडीही त्याच वहीत लिहावी लागेल. जहेज देऊन हिस्सा कापणे म्हणजे ज्याची सक्ती धर्माने केली नाही ते देणे आणि ज्याची सक्ती केली ते रोखणे.

"हिस्सा मागितला तर माहेर तुटेल." या वाक्यात खरी भीती आहे. नवऱ्याशी बिनसले, सासरी त्रास झाला तर बहिणीला जायला दुसरी जागा नसते, म्हणून ती गप्प बसते. पण मग हे माहेर नव्हे, भाडे झाले. हिस्सा सोडल्याच्या बदल्यात ईदला मिळणारी साडी. भावाने स्वतः विषय काढला तर ही भीती एका वाक्यात संपते. म्हणून पहिला शब्द बहिणीने नव्हे, भावाने बोलावा.

"तिने आपल्या खुशीने माफ केले." खुशीने सोडता येते, फिकहमध्ये तडजोडीची वाटही आहे. एखादी वारस ठरावीक रक्कम किंवा वस्तू घेऊन बाजूला होऊ शकते. पण खुशी कशाला म्हणायचे? आपला हिस्सा किती हे तिला माहीत असावे, नाही म्हणण्याची मोकळीक असावी, आणि नाही म्हटल्यावर कोणाचे तोंड वाकडे होऊ नये. अनेक आलिम सांगतात ते सोपे आहे. आधी हिस्सा तिच्या हातात द्या, मग तिला द्यायचा असेल तर ती परत देईल.

"अम्मी-अब्बांना मी सांभाळले, कर्जाचे हप्ते मी भरले." हे वाक्य ऐकून घेण्याजोगे आहे. खिदमतीचा बदला अल्लाहकडे आहे, त्याने हिस्सा वाढत नाही. पण हप्त्यांची गोष्ट वेगळी. भावाने घरासाठी स्वतःचा पैसा घातला असेल, तर तो कर्ज म्हणून दिला होता, भागीदारी म्हणून की वडिलांना भेट म्हणून, हे ठरवले पाहिजे. कर्ज असेल तर वाटणीआधी ते फेडावे लागेल. अडचण अशी की हे कोणी लिहून ठेवलेले नसते. मग भावाला बहीण कृतघ्न वाटते आणि बहिणीला भाऊ चोर वाटतो, आणि दोघेही अर्धे खरे असतात.

पाचवे वाक्य मुलींचे असते आणि ते बहुतेक वेळा मनातच राहते. "मला भावाच्या निम्मेच का?" नववी-दहावीच्या मुली हे वर्गात विचारतात, घरी विचारत नाहीत. त्यांना गप्प करू नये. बायको-मुलांचा, गरजेला आई-बहिणींचा खर्च पुरुषावर फर्ज आहे, स्त्रीचा मेहर आणि तिची कमाई तिची स्वतःची आहे, म्हणून हे वाटप आहे, असे उलमा समजावतात. ते समजावून सांगावे. पण तिथेच थांबू नये. ती मुलगी पुढे म्हणेल की आमच्या चाळीत अम्मीच शिवणकाम करून घर चालवते, मामूने कधी विचारपूस केली नाही. तिचे म्हणणे खरे आहे. दुप्पट हिस्सा ज्या जबाबदारीसाठी आहे ती जबाबदारी न उचलता फक्त दुप्पट घेणाऱ्याकडे या मुलीला द्यायला उत्तर नाही. आणि ज्या बापाला मुलीची जास्त काळजी वाटते त्याला जिवंतपणी देण्याचा दरवाजा उघडा आहे. हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांना त्यांच्या वडिलांनी भेट दिली, तेव्हा सगळ्या मुलांना असेच दिले का, असे प्रेषितांनी (सल्ल.) विचारले आणि नाही म्हटल्यावर त्या भेटीचे साक्षीदार होण्यास नकार दिला. जिवंतपणीच्या भेटीत मुलगा-मुलगी समान धरावेत, असे बहुसंख्य फकीहांचे मत आहे.

आधी हिशेब कागदावर

भांडण बहुतेक वेळा आकडे माहीत नसल्याने होते. म्हणून एक साधे उदाहरण देतो. वडील वारले. मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली. वडिलांचे आई-वडील हयात नाहीत. सर्वांत आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज. पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे, हे अनेकांना माहीत नसते. मग वसीयत असेल तर ती, एक तृतीयांशाच्या मर्यादेत. समजा हे सगळे होऊन ३२ लाख उरले. पत्नीला एक अष्टमांश म्हणजे ४ लाख. उरलेल्या २८ लाखांचे चार भाग. मुलाला दोन भाग म्हणजे १४ लाख, प्रत्येक मुलीला एक भाग म्हणजे ७ लाख. घराणे हनफी असो की कोकणातले शाफई, या उदाहरणातले आकडे बदलत नाहीत. वारस वेगळे असतील तर हिशेब बदलतो, म्हणून मुफ्तींकडून लिहून घ्यावा.

गणिताच्या तासाला गुणोत्तर शिकवताना हे उदाहरण मुलांना चटकन कळते. यात नवल नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी यांनी बीजगणिताचा जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वसीयत आणि वारशाच्या हिशेबांचाच आहे.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, सोसायटीत नॉमिनी म्हणून एका मुलाचे नाव लावले म्हणजे फ्लॅट त्याचा झाला असे नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. दुसरी, वारसाच्या नावे केलेली वसीयत बाकी वारसांच्या संमतीशिवाय सुन्नी फिकहप्रमाणे चालत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. मुलगा बापाच्या आधी वारला आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर त्या वारलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबांच्या वारशात हिस्सा येत नाही. ही मुले उघड्यावर पडतात. इजिप्तने १९४६ मध्ये अशा नातवंडांसाठी सक्तीच्या वसीयतीचा कायदा केला, पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशाने त्यांना बापाचा हिस्सा दिला. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण दादाने जिवंतपणी एक तृतीयांशाच्या आत नातवंडांच्या नावे वसीयत केली तर कोणी अडवलेले नाही. त्यासाठी दादाशी कोणीतरी बोलायला मात्र हवे.

बैठक कशी बसावी

बोलणे कधी करावे? चाळिसाव्याच्या दिवशी नव्हे आणि बिल्डरचा माणूस दारात उभा असतानाही नव्हे. अब्बा-अम्मी हयात असताना, तब्येत ठीक असताना, एखाद्या रविवारी. मरणाचा विषय काढतो म्हणून त्यांना वाईट वाटेल, असे आपल्याला वाटते. बरेचदा तेच वाट पाहत असतात.

बैठकीत कोण असावे? सगळे वारस, आणि बायका त्याच खोलीत. पडद्यामागून चहा पाठवायचा आणि निर्णय नंतर कळवायचा, ही बैठक नव्हे. मूल दूध कधी तोडायचे एवढ्या घरगुती गोष्टीसाठीही आई-बापांनी परस्पर संमतीने आणि सल्लामसलतीने ठरवावे, असे सूरह बकरहमध्ये आले आहे. घर कोणाचे, हा प्रश्न तर त्याहून कितीतरी मोठा.

बोलावे कसे? आधी प्रत्येकाने पाच मिनिटे आपले म्हणणे सांगावे, मध्ये कोणी बोलू नये. वर्गात पन्नास मुलांना हे जमते, मोठ्यांनाही जमेल. जावई-सुनांवर टोमणे, वीस वर्षांपूर्वीचे लग्न, हे त्या दिवशी बाजूला ठेवावे. मिळकतीची यादी, कर्जाची यादी आणि कोणी किती पैसे घातले त्याची यादी, असे तीन कागद पुढ्यात असावेत. पटले नाही तर तिथेच ताणू नये. नवरा-बायकोच्या वादात एक त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा पंच नेमा, असे कुरआन सांगतो. हीच रीत भाऊ-बहिणींनाही लागू पडते. आपल्याच औरंगाबाद खंडपीठात २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण प्रकरणात सांगितले की असा समेटाचा प्रयत्न झाल्याचे सिद्ध केल्याशिवाय नुसते तलाक दिला म्हणणे पुरत नाही. पंचांची ती आयत नुसती तिलावतीसाठी नाही, हे न्यायालयालाही मान्य झाले.

आणि शेवटी लिहावे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून, साक्षीदार ठेवून करा, हा हुकूम सूरह बकरहच्या सर्वांत लांब आयतीत आहे. मुफ्तींचा हिशेब, वकिलाचा मसुदा आणि सर्वांच्या सह्या. हयातीत हिबा करायचा असेल तर तोंडी सांगून सोडू नये, ताबाही द्यावा आणि नोंदही करावी. सगळा हिस्सा एकदम देणे शक्य नसेल तर मुदत ठरवावी. अनेक प्रामाणिक भावांना द्यायचे असते, पण राहते घर विकल्याशिवाय रक्कम उभी राहत नाही. अशा वेळी बहीणही समजून घेते, फक्त तिला तुझा इतका हिस्सा माझ्याकडे आहे, असे लिहून हवे असते. त्या एका ओळीने ती मागणारी राहत नाही, हक्काची वारस होते.

वाचक बंधूंनो, या अंकाचे पान मिटण्याआधी एक हिशेब मनात करून पाहा. अब्बांच्या मागे जे राहिले, त्यातले बहिणीचे किती होते आणि ते आज कुठे आहे? ती गेली असेल तर तिची मुले आहेत, हिस्सा त्यांचा आहे. ती मागत नाही म्हणून तो संपत नाही. वारशाच्या आयतींनंतर लगेच अल्लाहने आखलेल्या हद्दींचा आणि त्या ओलांडणाऱ्यांचा उल्लेख आहे, तो एकदा अनुवादासह वाचावा. आणि भगिनींनो, तुमच्या मुलीने उद्या हा प्रश्न विचारला तर तिला दामटू नका, तिला कागद-पेन्सिल द्या. अल्लाह आपल्या घरांना हक्क देण्याची आणि एकमेकांचे ऐकून घेण्याची तौफीक देवो, आमीन.